कुंपणाचा तिसरा खांब

ताई, माझी मुलगी बारा वर्षांची आहे. हातात पेन्सिल असली की तिला तहानभूक लागत नाही. गणिताची वही काढायला सांगितली की मात्र पोट दुखतं, डोकं दुखतं, पेन सापडत नाही. परवा तिने सरळ विचारलं, "मी चित्रकार होणार आहे, मला गणित कशाला हवं?" मी म्हटलं, पुढे हिशेब कोण करणार? तर म्हणाली, मोबाईल. म्हटलं, पास नको व्हायला? तर म्हणे, मग पास होण्यापुरतंच करते. गेल्या चाचणीनंतर तिच्या बाबांनी रंगपेटी कपाटात कुलूप लावून ठेवली आहे, गणितात मार्क आले की मिळेल म्हणून. (तशी ती चित्रावरही वैतागतेच. एका रस्त्याचं चित्र चार वेळा काढून फाडलं, कुंपणाचे खांब "खरे वाटत नाहीत" म्हणून.) तिला गणिताचं महत्त्व कसं पटवून देऊ? मी स्वतः गणितात कच्चीच होते.
— चित्रवेड्या मुलीची आई

नमस्कार.

आधी एक काम करा. हे वाचून झालं की उठा, रंगपेटी कपाटातून काढा आणि तिच्या टेबलावर ठेवून द्या. ठेवताना "आता तरी अभ्यास कर" असं म्हणू नका. काहीच म्हणू नका. हे अवघड जाईल, मला कल्पना आहे. पण गणित आपल्या आणि रंगांच्या मध्ये येतं असं तिला आधीपासून वाटतच होतं, आणि कुलूप लावून तुम्ही तिला त्याचा पुरावाच दिलात. आता तुम्ही गणिताबद्दल कितीही गोड बोलायला गेलात तरी तिला ते कुलपाकडूनच आल्यासारखं वाटणार.

आता पत्राकडे येते. त्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय.

चार वेळा फाडलं. समोर परीक्षक नाही, मार्क नाहीत, कुणी रागावणारं नाही. तरीही ही मुलगी स्वतःच ठरवते की चुकलंय, आणि पुन्हा पहिल्यापासून काढते. आणि चुकलंय कुठे, तर खांबांच्या अंतरांत. झाडं जमली, रस्ता जमला, आभाळ जमलं, फक्त खांब "खरे" दिसत नाहीत. तिचा डोळा बरोबर सांगतोय. तिच्यापुढे जो प्रश्न आहे तो गणिताचा आहे, एवढंच तिला अजून ठाऊक नाही. आणि ते तिला सांगायची घाई तुम्हीही करू नका. आधी एका रात्री, ती झोपल्यावर, तुम्ही एकट्या हे करून बघा.

ए-फोर आकाराचा कागद आडवा धरा. साधारण मधोमध एक आडवी फिकट रेषा मारा, ती क्षितिजरेषा. तिच्यावर उजव्या टोकाजवळ एक ठिपका द्या. रस्ता जाऊन जिथे नाहीसा होतो ती जागा ही. ठिपक्यापासून डावीकडे २४ सेंमीवर पहिला खांब उभा करा, १२ सेंमी उंचीचा, थोडा क्षितिजाच्या वर आणि बराचसा खाली. आता त्याच्या शेंड्यापासून एक आणि पायथ्यापासून एक, अशा दोन फिकट रेषा ठिपक्यापर्यंत न्या. सगळे खांब या दोन रेषांच्या मध्येच बसणार. इथपर्यंत तिला बहुतेक येत असेलच, कारण मुलं हे पाहून पाहून शिकतात. दुसरा खांब पहिल्यापासून ८ सेंमीवर काढा. दोन रेषांच्या मध्ये तो आपोआप ८ सेंमी उंच होईल.

आता गंमत. पहिला खांब कुठे काढायचा ते तुम्ही ठरवलंत. दुसराही तुमच्याच मर्जीने काढलात, तो सहा सेंमीवर काढला असता तरी चाललं असतं. तिसरा मात्र तुमच्या हातात नाही. कुंपणाचे खांब सारख्या अंतरावर आहेत असं दाखवायचं असेल, तर त्याची जागा कागदावर ठरून गेलेली आहे आणि ती शोधून काढावी लागते. ती अशी: दुसऱ्या खांबाच्या उंचीचा मध्य काढा. पहिल्या खांबाच्या शेंड्यापासून त्या मध्यातून जाणारी एक तिरपी रेषा मारा आणि ती खाली पायथ्याच्या रेषेला टेकेपर्यंत वाढवा. जिथे टेकली तिथे तिसरा खांब. मग दुसऱ्याच्या शेंड्यापासून तिसऱ्याच्या मध्यातून रेषा मारली की चौथा. असं पुढे पुढे.

चार-पाच खांब झाले की कागद जरा लांब धरून बघा. माझ्या हातून हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी बराच वेळ नुसती बघत बसले होते. कुंपण खरोखर दूर जातं.

असं का होतं, तर कारण शाळेच्या भूमितीत आहे: आयताचे कर्ण एकमेकांना दुभागतात. प्रत्यक्षातल्या कुंपणात पहिल्या आणि तिसऱ्या खांबाच्या मध्ये एक आयत असतो आणि दुसरा खांब त्याच्या बरोबर मधोमध उभा असतो. म्हणून कर्ण त्या खांबाच्या मध्यातूनच जातो. चित्रात लांब्या बदलतात, कोन बदलतात, आयत आयत राहत नाही. पण सरळ रेषा सरळच राहते, आणि रेषा जिथे एकमेकींना छेदतात तो बिंदूही टिकतो. त्या टिकलेल्या गोष्टींवरच सगळी युक्ती उभी आहे. परीक्षेपुरतं पाठ करायचं प्रमेय ते हेच.

आता पट्टी घेऊन खांबांची उंची मोजा. तुमचा हात फार हलला नसेल तर उत्तरं येतील १२, ८, ६, ४.८, ४. हे आकडे थोडा वेळ नुसते बघा. २४ भागिले २, २४ भागिले ३, २४ भागिले ४, भागिले ५, भागिले ६. कुणी भागाकार करायला सांगितला नव्हता. रेषा मारल्या आणि तो आपसूक आला.

तुमच्या लेकीचे खांब खोटे का दिसत होते, तेही यातून कळतं. अंदाजाने काढताना मुलं बहुतेक दोनांपैकी एक गोष्ट करतात. एक, दर वेळी सारखंच कमी करायचं: १२, ८, ४, आणि पुढच्याला शून्य, कुंपण चौथ्या खांबाशी संपलं. जरा तयारीची मुलं दुसरी गोष्ट करतात, दर वेळी त्याच पटीत लहान: १२, ८, मग ५.३, मग ३.६. हे बरंच बरं दिसतं, पण पुढे पुढे खांब फार भरभर बारीक होतात आणि डोळ्याला खटकतं. तुमच्या मुलीला नक्की काय खटकलं ते मला दिसत नाही, पण चारदा फाडणारी मुलगी दुसऱ्या प्रकारची असावी असा माझा अंदाज आहे.

या चुकीत ती एकटी नाही. १४३५ मध्ये लिओन बत्तिस्ता आल्बर्टी या इटालियन माणसाने चित्रकलेवर जे लिहिलं, त्यात त्याने काही चित्रकारांना याच गोष्टीवरून टोकलंय. हे लोक फरशीच्या रेघा काढताना प्रत्येक पुढचं अंतर मागच्याच्या दोन-तृतीयांश करत जातात, आणि ते चूक आहे, असं तो म्हणतो. चूक पकडायची त्याने सांगितलेली खूण तर फारच छान आहे: एकापुढे एक असलेल्या चौकोनी फरश्यांमधून कर्ण काढा, तो सरळ एका रेषेत गेला पाहिजे. वाकला तर फरशी चुकली. म्हणजे आपल्या खांबांमधली तीच तिरपी रेषा. तिला हे नक्की सांगा. जाणत्या चित्रकारांना जिथे ठेच लागली तिथे आपल्यालाही लागली, हे ऐकून बारा वर्षांच्या मुलीची मान ताठ होते.

आता हे तिच्यापर्यंत न्यायचं कसं? "ये, तुला चित्रातलं गणित दाखवते" असं म्हणालात तर ती उठून जाईल, आणि तिचं बरोबर असेल. ती पुन्हा रस्त्याचं चित्र काढेपर्यंत थांबा. पुन्हा वैतागेपर्यंत थांबा. मग शेजारी बसून म्हणा, "मला एक युक्ती सापडलीय, पण ती का चालते ते मला नीट कळलं नाही." तुम्ही गणितात कच्च्या होतात, हे इथे फार उपयोगी आहे. खोटं बोलावं लागणार नाही. रेषा तिलाच मारू द्या. उंची मोजायचं तुम्ही सुचवलंत तर चालेल, भागाकार मात्र तिला दिसू द्या. दिसला नाही तर त्या दिवशी तिथेच थांबा. आकडे कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, ते कुठे जात नाहीत.

आणि "बघ, गणित लागलं की नाही!" हे वाक्य गिळून टाका. ते म्हणायचा मोह भयंकर होतो, मलाही झालाय. एका मुलाला मी ते म्हटलं आणि त्यानंतर महिनाभर त्याने मला एकही चित्र दाखवलं नाही.

तुम्ही विचारलंत, महत्त्व कसं पटवून देऊ. मला वाटतं, पटवून द्यायचं सोडाच. कारण वादात तुमची मुलगी जिंकतेय, आणि ते बऱ्याच अंशी खरं बोलून जिंकतेय. हिशेब मोबाईल करतो. वर्गसमीकरण न सोडवता उत्तम चित्रं काढून गेलेली माणसं पुष्कळ आहेत. "गणिताशिवाय चित्रकार होताच येत नाही" असं तुम्ही म्हणालात तर ती पाच मिनिटांत तुम्हाला खोटं पाडेल, आणि मग तुमच्या खऱ्या गोष्टीही ऐकणार नाही. तसंच ते सुवर्ण गुणोत्तराचं. १.६१८ हा आकडा प्रत्येक गाजलेल्या चित्रात, प्रत्येक शंखात आणि प्रत्येक सुंदर चेहऱ्यात दडलाय, असं सांगणारे व्हिडिओ तुम्हाला कुणीतरी पाठवेलच. बहुतेक वेळा आधी चित्र येतं आणि मग त्यावर कुणीतरी त्या प्रमाणातला आयत बसवतं. शंखाचं माप खरोखर घेतलं तर तो आकडा सहसा निघत नाही. कुंपणाचे खांब ती स्वतः मोजू शकते, म्हणून मला खांब आवडतात.

आता थोडं वेगळं. मी अनेक वर्षं मुलांना चित्रकला शिकवली आहे, आणि एक गोष्ट इतक्या मुलांमध्ये पाहिलीय की सांगितल्याशिवाय राहवत नाही. चित्र काढताना ही मुलं हात काढतात, खोडतात, पुन्हा काढतात, अंगठा उलट्या बाजूला गेला म्हणून हसतात, परत खोडतात. टेबलभर खोडरबराचा चुरा पडलेला असतो. कुणालाही वाटत नाही की आपल्याला चित्रकला येत नाही. तीच मुलं गणिताच्या वहीत पहिली पायरी चुकली की पेन खाली ठेवतात. "मला गणित येतच नाही." चित्रातली चूक ही चित्र होण्याच्या वाटेवरची असते आणि गणितातली चूक म्हणजे निकाल, हे त्यांना कुणी मुद्दाम शिकवलेलं नसतं. पेनाने लिहायचं, खाडाखोड करायची नाही, वेळ लावायचा नाही, या सगळ्यातून ते आपोआप शिकलं जातं. मी शाळेत असताना माझी भूमितीची वही एकदा वर्गापुढे उंच धरून दाखवली गेली होती. मागच्या पानांवर चित्रं होती आणि पुढच्या पानांवर खोडाखोड होती, आणि वर्ग दोन्हींना हसला. चित्रं मी घरी चालू ठेवली. भूमितीकडे परत यायला मला तिशी उलटावी लागली.

म्हणून घरी तरी तिला कच्च्या कामाला कोरे कागद आणि मऊ पेन्सिल द्या. वही नको, रेघा नकोत. गणित आधी रेखाटून बघायचं, जसं ती चित्राचं कच्चं रेखाटन करते तसं. "एका टाकीचा तीन-पंचमांश भाग भरला आहे" असं उदाहरण असेल तर टाकी काढायची, पाच भाग करायचे, तीन रंगवायचे. रंगवायला वेळ लागेल, लागू दे. अपूर्णांकात अडलेल्या कितीतरी मुलांना मी हे करताना बघितलंय, आणि अडलेली गाठ बहुतेक वेळा सातवीच्या धड्यात नसते, दोन-तीन वर्षं मागे असते. ती कुठे आहे ते शोधणं हे मार्कांच्या मागे लागण्यापेक्षा निकडीचं आहे. आकडेच उलटसुलट दिसत असतील, घड्याळ वाचायला अजून त्रास होत असेल, साधी बेरीजही दर वेळी बोटांवर नव्याने करावी लागत असेल, तर मात्र तज्ज्ञाकडून एकदा तपासून घ्या. ती डिस्कॅल्क्युलियाची, म्हणजे आकडे समजण्यातल्या अडचणीची, लक्षणं असू शकतात आणि त्यावर मदत मिळते. पण खांबांच्या अंतरावरून चार चित्रं फाडणाऱ्या मुलीबाबत मला ती शंका फारशी येत नाही.

तिला आणखी काही द्यायचं असेल तर एक पंचकोन द्या. सारख्या बाजूंचा, सारख्या कोनांचा, जाड कागदाचा, पंधरा-वीस नग कापून. त्यांनी टेबल झाकायला सांगा, मध्ये फट न ठेवता. जमणार नाही. प्रत्येक कोन १०८ अंशांचा, तीन कोन एका बिंदूशी आले की ३२४, आणि ३६ अंशांची बारीक फट राहते जिच्यात चौथा मावत नाही. मग विचारा, पंचकोन जरा तिरका, वेडावाकडा केला तर? काही ठरावीक आकारांत जमतं. आणि असे वेडेवाकडे पंचकोन शोधण्याची एक खरी गोष्ट आहे, ती तुमच्यासाठीही आहे.

अमेरिकेत मार्जोरी राइस नावाच्या एक गृहिणी होत्या. गणिताचं शिक्षण शाळेपुरतंच. १९७५ मध्ये मुलासाठी घरी येणाऱ्या एका विज्ञान मासिकात त्यांनी वाचलं की फटी न ठेवता जमीन झाकणाऱ्या बहिर्वक्र (कुठलाही कोपरा आत न दबलेल्या) पंचकोनांचे किती प्रकार आहेत याचा शोध चालू आहे. त्यांनी काढायला सुरुवात केली. गणितातली चिन्हं येत नव्हती, तर स्वतःची चिन्हं तयार केली. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर आकृत्या काढायच्या आणि कुणी आलं की झाकून ठेवायच्या. अशा रीतीने त्यांनी चार नवे प्रकार शोधले, जे गणितज्ञांच्या नजरेतून सुटले होते. आज एकूण १५ प्रकार माहीत आहेत आणि २०१७ मध्ये दिलेल्या सिद्धतेनुसार एवढेच आहेत. त्यातले चार या बाईंचे. पुढे त्या नक्ष्यांमध्ये त्यांनी चित्रंही भरली.

तुमच्या मुलीने पंचकोन शोधावेत असं मी अजिबात म्हणत नाहीये. ओट्यावर कागद झाकणारी ती बाई मला तुमच्या पत्रामुळे आठवली, "मी स्वतः कच्चीच होते" या शेवटच्या ओळीमुळे.

तिच्या बाबांशी बोलाल तेव्हा त्यांना दोषी ठरवू नका. त्यांनाही भीती वाटतेय, आणि ती भीती अनाठायी नाही. आवडत नसलं तरी शाळेचं गणित तिला करायचंच आहे, पाढे आहेत, चाचण्या आहेत, त्यातला बराच भाग कंटाळवाणा आहे आणि तो कंटाळवाणा आहे हे तिच्यापुढे कबूल केलंत तर काही बिघडत नाही. रोज वीस मिनिटं, ठरलेल्या वेळी, घड्याळ लावून. वीस मिनिटं झाली की उदाहरण अर्धं असलं तरी वही बंद. हे काम बाबांकडे द्या. कुलपापेक्षा घड्याळ त्यांच्या हातात बरं दिसेल.

आणि ती सपाट रस्त्याचं कुंपण नीट काढू लागली की तिला एक चढ द्या. रस्ता सरळ टेकडीवर जातो, खांब उभेच आहेत, सारख्या उंचीचे, सारख्या अंतरावर, पण प्रत्येक पुढचा खांब मागच्यापेक्षा थोडा वरच्या जमिनीत रोवलेला. आता पहिल्या आणि तिसऱ्या खांबाच्या मध्ये आयत राहिलेला नाही. मग तिसऱ्या खांबाची ती युक्ती अजून चालते का, आणि चालत असेल तर कशाच्या जोरावर? उत्तर मी इथे देत नाही. तिने काढलं की कळवा, चित्रासकट.